माझो फू खंय गेलो?

आवाज साफ केला म्हणे. कोणी सांगितलं होतं साफ करायला? घाण होती कुठे त्यात?

आमच्याकडे त्या सिनेमाचं नाव कुणी घेत नाही. चतुर्थीचा सिनेमा म्हटलं की पुरे. दोन भाऊ चतुर्थीच्या सुट्टीत मुंबईहून गावी येतात, गणपती कुणाच्या घरात बसवायचा यावरून तंडतात आणि विसर्जनापर्यंत गळ्यात गळे घालतात, एवढीच गोष्ट. पण दर चतुर्थीला तो टीव्हीवर लागतो, आणि गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला नारळ, सुपारी, कवंडळं बांधता बांधता अख्खं घर त्यातले संवाद नटांच्या आधी म्हणून मोकळं होतं. त्यातल्या फुगडीचा तुकडा आमच्या गावात घेतलेला आहे. कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला आमचं गाव. त्या तुकड्यात आमची विहीर दिसते, आमची म्हैस दिसते आणि मूळ घराचं अर्धं अंगण दिसतं, म्हणून गावाला त्या सिनेमाचा कोण अभिमान.

यंदा श्रावणात बातमी आली की त्या सिनेमाची गाणी नव्याने काढली आहेत. जुन्या टेप शोधून, धुऊन-पुसून, मोबाइलवर ऐकायला, शिवाय हौशी लोकांसाठी जुन्यासारखी मोठी काळी तबकडीसुद्धा. मुंबईच्या भावाने लिंक पाठवली. गावाच्या ग्रुपवर तर नुसता धुरळा. ‘आवाज काय क्लिअर आसा!’ असं ज्याने ऐकलं तो, आणि ज्याने ऐकलं नव्हतं तोही, एकमेकांना सांगत होते. मी कणकवलीला शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडून गावी आईकडे जाते. त्या आठवड्यात शनिवारपर्यंत मी गाणं मुद्दाम ऐकलं नाही. म्हटलं, पहिल्यांदा आईबरोबरच ऐकायचं, कारण त्या गाण्यात माझी आई आहे.

गाणारी नव्हे हो. गाणारी बाई मुंबईची, मोठी, तिचं नाव तबकडीवर असतं. आईचा तर आवाज फाटका. आरतीलासुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवते. आईचा त्यात आहे तो फू.

फुगडी ज्यांनी घातली आहे त्यांना फू काय ते सांगायला नको. ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांच्यासाठी सांगते. दोघी जणी हातांची फुली करून एकमेकींना धरतात, पाय जवळ आणतात, मागे रेलतात आणि गरगरतात. भोवतालच्या बायका गाणं म्हणतात. वेग वाढत गेला की शब्द मागे पडतात, कारण त्या वेगाला शब्द पुरतच नाहीत. मग ओठ आवळून पोटातून पायांच्या तालावर श्वास सोडायचा. फू, फू, फू. एक जण धरते, मग बाकीच्या धरतात. फू चांगला पडला की फिरणाऱ्या बायांच्या अंगात वारं येतं, आणि कच्चा पडला की त्या दोन गिरक्यांत खाली बसतात. आई लग्न होऊन आली तेव्हापासून गावात फू घालावा तर तिनेच.

माझे वडील मुंबईला गोदीत होते. मी चौथीत असताना तिकडेच आजारी पडून गेले. आई तेव्हा तिशीचीही नव्हती. आणि पुढच्याच चतुर्थीला सिनेमावाले गावात उतरले.

आमच्या भावकीची गौर एकाच घरात बसते, मूळ घरात. गौरीसमोरचा ओवसा, म्हणजे सुपं ओवाळून वाण देणं, सवाष्णींचा, आणि ओवसा झाल्यावरची फुगडी सवाष्णींची नाहीतर पोरींची. आई त्या दिवशी मूळ घरात पहाटेपासून राबत होती. काळ्या वाटाण्यांचं सांबारं करायला ती चालत होती, आंबोळ्या काढायला चालत होती, त्या सगळ्या सिनेमावाल्यांचा चहा करायला तर फारच चालत होती. गौरीसमोर उभी राहायला तेवढी चालत नव्हती. आज हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दिग्दर्शकाला फुगडीचा आवाज खरा हवा होता. गाणारीचं गाणं मुंबईला आधीच झालं होतं, पण मागचा बायकांचा गलका आमच्याकडे टेपवर घ्यायचा होता. बायका सुरू झाल्या, पण फू काही जमेना. कुणी लाजत होती, कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. तिसऱ्यांदा मोडल्यावर कोणीतरी बोलून गेली, "तिका बोलवा गो, तिच्याशिवाय जमूचा नाय."

थोरली आजी मध्ये उभी होती. ती माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. त्या घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. ती म्हणाली, "गौरीफुडे ती गाणा म्हणतली? खंयचा शास्त्र ह्या?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हातांना आंबोळ्यांचं पीठ तसंच. ती म्हणाली, "काकीनु, फू म्हणजे काय गाणा? फू म्हणजे वारो. चुलीर फुकणी मारतंय, तसो. वाऱ्याक सोयर नाय आणि सुतक नाय."

सिनेमावाले ताटकळले होते, उजेड जायला लागला होता. शेवटी आजी म्हणाली, "बरा. पण उंबऱ्याच्या भायर उभी रव."

आई पडवीत जाऊन चौकटीला टेकून उभी राहिली. आता गंमत ऐका. आतमध्ये पायांचा आणि काकणांचा फार आवाज येतो म्हणून टेपवाल्याने आपला माईक बाहेरच्या बाजूला, त्याच चौकटीला बांधला होता. म्हणजे ज्या सवाष्णी देवीसमोर नाचत होत्या त्या माईकपासून लांब, आणि जिला उंबऱ्याबाहेर घातली तिचं तोंड माईकपासून वितीवर. मी तिच्या पायांशी बसले होते. तिच्या पोटऱ्या तालावर ताठ व्हायच्या आणि सैल पडायच्या, पण पाऊल जागचं हललं नाही.

सिनेमा आला, गाणी रेडिओवर लागली, आणि त्या गाण्यात शेवटी सगळे शब्द संपल्यावर कानाशी येऊन कोणीतरी फू, फू करतं, ती माझी आई. सिनेमात ती दिसत नाही. नावांच्या पाट्यांमध्ये नुसतं ‘गावातील महिला’ असं येतं. पण गावाला माहीत होतं. चतुर्थीत कुठल्याही मंडळाच्या कर्ण्यावर ते गाणं लागलं की बाजूची माणसं ओरडायची, "इलो गो, इलो तुझो फू!" आई वरवर चिडायची. "गप रवा मेल्यांनो," म्हणायची, आणि तेवढा वेळ हातातलं काम थांबवून उभी राहायची. तिच्या उभ्या जन्मात तिचं असं, दुसऱ्या कुणाच्या पाठीमागे न लपलेलं, जगाने ऐकलेलं तेवढंच एक होतं. ती असं कधी म्हणाली नाही. मी म्हणते.

तर त्या शनिवारी मी पोचले तेव्हा आई आडाळ्यावर नारळ किसत बसली होती. म्हटलं, "आये, नवीन गाणा इला."

"हां, लाव," ती म्हणाली, पण किसायची थांबली नाही. सुरुवातीचं व्हायोलिन इतकं लख्ख वाजलं की माझ्याही अंगावर काटा आला. गाणारीचा आवाज तर शेजारी बसून गावं तसा. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. वेग वाढला, टाळ्या आल्या, शब्द संपत आले. आईने किसायचं थांबवलं.

आणि काही नाही. टाळ्या, ढोलकी, मग पुन्हा गाणारी. गाणं संपलं.

"माझो फू खंय गेलो?" आईने विचारलं.

"थांब, मोबाइलचा काहीतरी आसात," मी म्हटलं. आवाज वाढवून पुन्हा लावलं. मोबाइल तिच्या कानाला धरला. तिने डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. "नाय गो. काढल्यानी," ती म्हणाली आणि पुन्हा किसायला लागली. नारळाची वाटी केव्हाच संपली होती. ती करवंटीच घासत होती.

माझं डोकंच फिरलं. सोमवारी मधल्या सुट्टीत मी कंपनीत फोन लावला. इकडून तिकडे, तिकडून इकडे करत शेवटी ज्याने ती गाणी साफ केली होती तो माणूस मिळाला. मुंबईचा, तरुण, बोलायला अगदी गोड. अशा गोड माणसांशी भांडायचं म्हणजे आणखी ताप.

"मॅडम, तो ब्रेथ नॉइज होता," तो म्हणाला. "माईकच्या फार जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये येतं असं. फार मेहनतीने काढलाय."

"घेत नव्हतं, सोडत होतं," मी म्हटलं. "तो फू आहे. फुगडीचा. ती माझी आई आहे."

तो थोडा गडबडला. मग म्हणाला, "अच्छा, सॉरी हां. पण मॅडम, ते तसं गाणं नाही ना. म्हणजे, म्युझिकचा भाग नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकायला नुसती हवा वाटते ना, मॅडम."

आता या माणसाला काय बोलणार? आठवीच्या वर्गावर ओरडते तशी मी ओरडले, स्टाफरूममधले दोघे वळून बघायला लागले. मी म्हटलं की तुम्हाला कळत नसेल तर विचारायचं, गावात माणसं जिवंत आहेत अजून. हीच गाणी आता रेडिओवर, टीव्हीवरच्या त्या सिनेमात, मंडळांच्या स्पीकरवर वाजणार, जुन्या कॅसेटी बुरशीने गेल्या, म्हणजे तुम्ही माझ्या आईला कायमचं पुसून टाकलंत. तो म्हणाला, साहेबांशी बोलतो.

साहेबांचा निरोप दोन-तीन आठवड्यांनी आला. बाजारात आलेलं आता मागे घेता येणार नाही. पण आजींची इच्छा असेल तर त्यांना मुंबईला स्टुडिओत आणा, आपण तो आवाज नीट, स्वच्छ घेऊ आणि एक खास आवृत्ती काढू. म्हणजे तोंडाला पानंच पुसली. तरी मी ते सगळं आईला जाऊन सांगितलं. कंपनीचा माणूस काय म्हणाला तेही, शब्द न् शब्द, तोवर मी ते पोटात ठेवलं होतं.

आई पडवीत वाती वळत बसली होती. मी म्हटलं, "आये, तो म्हणता, ता गाणा न्हय. नुसती हवा."

वातीवरचा तिचा हात थांबला. आधी मला वाटलं ती रडणार. पण ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा लालबुंद झाला. 

"माझाच बोलणा माझ्या तोंडार मारल्यान गो," ती म्हणाली. "मीच सांगलेलंय म्हातारेक, फू गाणा न्हय, वारो. तेव्हा गाणा न्हय म्हणान माका उभ्या रवाक मेळला. आता गाणा न्हय म्हणान काढून टाकल्यानी. म्हणजे ठेवूक पण ताच कारण, काढूक पण ताच!"

"पण तुका तेव्हा खरा काय वाटा होता?"

"खरा?" तिने वातींचा कापूस बाजूला सारला. "अगो, गाणाच ता! दुसरा काय? तुझो बापूस गेल्यार वरसभर माझ्या तोंडातसून आवाज म्हणान येवक नव्हतो. त्या दिवशी इलो. वारो म्हटलंय तो म्हातारेक गंडवूक. नाय तर माका पडवीत तरी येवक दिल्यान असतान काय ती?"

आणि स्टुडिओचं विचारल्यावर म्हणाली, "त्येंका सांग, माझो होतो तो खंय टाकल्यात, तो हाडून द्या म्हणा. दुसरो नको." मी तसंच कळवलं. त्याला आजतागायत उत्तर नाही.

मग गौरी आल्या. थोरली आजी जाऊन आता खूप वर्षं झाली. मूळ घर तिची सून बघते. ती आईची जाऊ, माझी मोठी काकी. काकी सवाष्ण, ठसठशीत कुंकू, सांध्यांनी जखडलेली, पण स्वभावाने तिच्या सासूसारखी मुळीच नाही. आता नियम असा कुणी बोलून दाखवत नाही. बोलायची गरजच नसते. ज्यांचे नवरे गेलेत त्या आपणहून पडवीत जाऊन बसतात, आणि आतल्या त्यांना प्रेमाने करंज्या आणून देतात. आईही बसली होती, चौकटीला पाठ लावून. मी आत होते.

दुपारी ओवसे आटोपले आणि नव्या सुनांनी पदर खोचले. एकीने स्पीकरवर ते नवं, लख्ख गाणं लावलं, कारण त्यांना त्याच्यावर मोबाइलसाठी व्हिडिओ करायचा होता. दोघी फिरायला लागल्या. फार सुंदर फिरत होत्या. शब्द संपले, वेग आला, आणि गाण्यात तो खड्डा आला. भोवतालच्या बायकांनी फू धरायला तोंडं उघडली, पण कुणी आधी धरेना. गिरकी मोडली. पोरी हसत हसत जमिनीवर बसल्या.

"ह्याच्यात फू कसो नाय?" एकीने विचारलं. मग सगळ्या चौकटीकडे वळल्या. "काकी, घाल गो! तू घाल फू, परत लावतंव गाणा."

आई जागची हलली नाही. म्हणाली, "हयसून नाय घालूचंय."

"काय गो झाला?" मोठ्या काकीने आतून विचारलं.

"तेव्हा वारो म्हणान घातलंय, भायर उभ्या रवान. आता गाणा म्हणान घालतलंय. तर भुतूर येवन घालतलंय." तिचा आवाज चढला नव्हता. स्पीकरवर त्या सिनेमातलं पुढचं गाणं सुरू झालं होतं, ते मी बंद केलं.

आई चौकटीला धरून उठली आणि उंबरा ओलांडून आत आली. फिकट निळं पातळ, मोकळं कपाळ. गौरीसमोर मधोमध येऊन उभी राहिली. कुणी ‘ये’ म्हणालं नाही, कुणी ‘नको’ही म्हणालं नाही. फुगडी काही एकटीने होत नाही. आईने दोन्ही हातांची फुली केली आणि हात मोठ्या काकीच्या पुढे धरले.

मला वाटलं, आता काकी माझ्याकडे नाहीतर एखाद्या सुनेकडे बोट दाखवणार. माझे हात तर शिवशिवत होते, पण आईने मला विचारलंच नव्हतं. तिला त्या घरची सवाष्ण हवी होती.

"माझे गुडघे गेलेत गो," काकी पुटपुटली.

"माझे काय नवे हाडलंय? धर."

काकीने एकदा गौरीकडे पाहिलं, एकदा आईच्या हातांकडे. मग पदर कमरेला खोचला आणि हात धरले. दोघी पाय जवळ आणून मागे रेलल्या. पहिली गिरकी इतकी हळू गेली की मला त्यांचे घोटे कटकटलेले ऐकू आले. दुसरी जराशी भरली. पदर सुटले, काकीचा अंबाडा सुटला, कोणीतरी "सांभाळा!" म्हणून ओरडलं. एक सून मोबाइल वर धरून पुढे आली, तिला मी हाताने मागे सारलं. गेला खड्ड्यात व्हिडिओ. साफ करायला कुणाच्या हातात द्यायचंच नव्हतं ते.

आणि आईने फू धरला. सत्तरी ओलांडलेला, दम लागलेला, मधूनच फाटणारा. पोरींनी धरला, काकीने फिरता फिरता धरला. मला भरून आलं आणि काय करू ते सुचेना, म्हणून मी वरून गाण्याचे शब्द म्हणायला तोंड उघडलं.

आईने गिरकीतच माझ्याकडे डोळे वटारले, "गप!" म्हणाली, आणि पुन्हा फू सुरू केला.